काँक्रीटला थंडी बाधत नाही, पाणी बाधतं

सोलापुरात पारा १० अंशांच्या आसपास उतरला की पेपरात बातमी येते आणि चौकाचौकात शेकोट्या पेटतात. उन्हाळ्यात तोच पारा ४३-४४ अंशांवर. थंडीने काँक्रीटचं काय होतं, हा प्रश्न इथल्या माणसाला पडायचं तसं कारण नाही. मला तो पडला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. नात्यातला एक मुलगा कॅनडात टोरोंटोजवळ राहतो. घरामागे स्विमिंग पूल, भोवती काँक्रीटचा कोबा. हिवाळा सरला तेव्हा कोब्याच्या वरच्या थराचे पोपडे निघाले होते आणि एका कोपऱ्यातला भाग उचलला गेला होता. त्याने फोटो टाकले आणि ग्रुपवर निदानं सुरू झाली. थंडीने काँक्रीट आकसलं, असं एक मत. पूल नैऋत्येला आहे, ईशान्येला हवा होता, हे दुसरं. तिसऱ्याने थेट उपाय पाठवला: नैसर्गिक सैंधव मीठ टाका, बर्फ वितळतो आणि काँक्रीटला अपाय नाही.

आधी आकसण्याचं बघू. काँक्रीट एका अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश इतकं आकसतं. तीन मीटरचा तुकडा ४० अंशांनी गार झाला तर सव्वा मिलिमीटरही कमी होत नाही. नीट सांधे सोडलेले असतील तर एवढं सहज खपतं. दोष पाण्याचा आहे.

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. काँक्रीट दिसायला घट्ट, पण आतून सच्छिद्र. सिमेंट कालवताना रासायनिक क्रियेला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी आपण घालतो आणि ते निघून गेलं की त्याच्या वाटा मागे राहतात. काही केसापेक्षा बारीक, काही त्याच्याही हजारपट बारीक. छिद्रं साधारण ९२ टक्क्यांच्या आत भरलेली असतील तर फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते, त्यापुढे मिळत नाही. पुस्तकं सहसा इथेच थांबतात. खरी गंमत याच्या पुढे आहे.

१९३० साली स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ती गोठवली. बेंझिन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली. पुढे १९७४ मध्ये बोदवाँ आणि मॅकइनिस या संशोधकांनी घट्ट झालेल्या सिमेंटवर तसाच प्रयोग केला आणि बेंझिनने भरलेलं सिमेंटही गोठताना प्रसरण पावलं. म्हणजे ९ टक्क्यांची गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे.

घडतं ते असं. बारीक छिद्रातलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. छिद्र जितकं अरुंद तितका गोठणबिंदू खाली. त्यामुळे उणे ५ अंशांना एकाच काँक्रीटमध्ये मोठ्या छिद्रांत बर्फ असतो आणि शेजारच्या अतिबारीक छिद्रांत द्रव पाणी. त्या तापमानाला बर्फ ही पाण्याची अधिक स्थिर अवस्था. रसायनशास्त्राच्या भाषेत बर्फाचा रासायनिक विभव (म्हणजे अवस्था बदलण्याची किंवा सरकून जाण्याची ओढ) द्रव पाण्यापेक्षा कमी, आणि पदार्थ नेहमी जास्त विभवाकडून कमी विभवाकडे सरकतो. समईची वात तेल ओढते तसा बर्फाचा कण आजूबाजूच्या बारीक छिद्रांतलं पाणी स्वतःकडे ओढत राहतो. बर्फ आणि छिद्राची भिंत यांच्यामध्ये न गोठलेल्या पाण्याचा काही रेणूंच्या जाडीचा पापुद्रा शिल्लक असतो. नवं पाणी त्याच वाटेने येतं, बर्फाला चिकटतं आणि बर्फ वाढता वाढता भिंतीला रेटतो.

हा रेटा किती? बर्फ वितळवायला किलोला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तिला बर्फाच्या घनतेने गुणून २७३ केल्व्हिनने भागलं की उत्तर येतं शून्याखालच्या दर अंशाला सुमारे १.१ मेगापास्कल, म्हणजे जवळपास ११ वातावरणांचा दाब. ही कमाल मर्यादा झाली. पाण्याचा पुरवठा तुटला तर दाब तिथवर पोचत नाही. पण उणे ५ अंशांना तो साडेपाच मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो. आपल्या साइटवर जे एम-२० काँक्रीट म्हणतात ते दाबाखाली २० मेगापास्कल सोसतं, ताणात मात्र जेमतेम दोन-अडीच.

हे सोलापूरकराने पाहिलेलंच नाही असं नाही. पेठांमधल्या जुन्या माळवदी घरांत भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग लोणा लागून पोखरलेला असतो. गिलाव्यावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला येते आणि मागोमाग गिलाव्याची खपली सुटते. तिथे जमिनीतून चढणाऱ्या ओलीतले क्षार छिद्रांत स्फटिक होतात. तोच पातळ पापुद्रा, तसाच आतून रेटा. स्फटिक बर्फाऐवजी क्षाराचा, एवढाच फरक.

थंड देशांत यावर उपाय सापडला तो हवेचा. १९३०च्या दशकात अमेरिकेत दिसलं की काही रस्ते हिवाळ्यात टिकतात. त्यांच्या सिमेंटमध्ये दळताना चरबीसारखे पदार्थ मिसळले गेले होते आणि त्यामुळे काँक्रीटमध्ये बारीक बुडबुडे धरले होते. टी. सी. पॉवर्स या संशोधकाने १९४०च्या दशकात त्याचं गणित मांडलं: छिद्रातल्या पाण्याला शिरायला जवळचा बुडबुडा ०.२ मिलिमीटरच्या आत सापडला पाहिजे. आपले गवंडी व्हायब्रेटर लावून अडकलेली हवा बाहेर काढतात आणि ते बरोबरच आहे, कारण ते पोकळे मोठे आणि वेडेवाकडे असतात. तिकडे मात्र रसायन घालून पाच-सात टक्के सूक्ष्म हवा मुद्दाम ठेवतात. थोडी ताकद जाते, पण कोबा टिकतो. आयएस ४५६ या आपल्या संहितेतही गोठणाऱ्या हवामानासाठी अशा हवेची तरतूद आहे.

आता मीठ. सैंधव काय, समुद्राचं काय, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘नैसर्गिक’ म्हटल्याने रेणू बदलत नाही. मीठ बर्फ वितळवतं हे खरं. योग्य प्रमाणात ते गोठणबिंदू उणे २१ अंशांपर्यंत खाली नेतं. पण पोपडे निघण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते सुमारे ३ टक्के मिठाच्या पाण्यात, त्याहून गोड्या किंवा त्याहून खारट पाण्यात नाही. याचं पटणारं स्पष्टीकरण व्हॅलेन्झा आणि शेरर या संशोधकांनी दिलं. एकदा गोठलेला बर्फ आणखी गार झाला की काँक्रीटच्या सुमारे पाचपट आकसतो. कोब्यावर चिकटलेला शुद्ध बर्फाचा थर हा ताण सोसतो. खूप खारट पाण्याचा बर्फ इतका मऊ असतो की तो काँक्रीटला ओढूच शकत नाही. हलक्या मिठाचा बर्फ मात्र घट्ट चिकटतो आणि तडकतो, आणि त्याची चीर खाली काँक्रीटमध्ये शिरून पातळ खपली घेऊन निघते.

कोपरा उचलला गेला त्याचं कारण जमिनीत आहे, दिशेत नाही. टोरोंटो भागात हिवाळ्यात जमीन गोठण्याची खोली १.२ मीटर धरतात. गाळाच्या मातीत खालून पाणी ओढत बर्फाचे थर वाढतात आणि वरचा कोबा उचलतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगून जोत्याला तडे देते, तिथे तेच काम टेबरचा बर्फ करतो. पूल ईशान्येला असता तरी खालच्या मातीने हेच केलं असतं. वास्तुसल्लागाराला द्यायचे पैसे त्या मुलाने खडीचा थर आणि पाण्याचा निचरा यांवर घालावेत.

देखभाल यातूनच ठरते. पाला खराट्याने काढून टाकायचा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि मेपल-ओकच्या पानांचे तपकिरी डागही बसतात. पूल मिठाच्या पाण्याचा असेल तर त्यात लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम मीठ असतं. उडालेलं पाणी उन्हात आटून ते कोब्यात साठतं, म्हणून हंगाम संपताना साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. डाग काढायला आपल्याकडे शहाबादी फरशीवर ओततात तसं ॲसिड तिकडे कोब्यावर नको. शहाबादी चुनखडीच असल्याने इथे ती फेसाळून निस्तेज होते, तिथे सिमेंटचा वरचा थर झिजून छिद्रं उघडी पडतात आणि पाण्याला वाट मिळते. धुतल्यावर कोबा चांगला वाळू द्यायचा आणि पारा १० अंशांच्या वर असतानाच सायलेन-सिलॉक्सेनचा सीलर मारायचा. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. वरून चकाकणारा ॲक्रिलिकचा थर ओल आत कोंडतो आणि ओल्या पायाला घसरतोही.

बर्फ पडला की प्लास्टिकच्या फावड्याने ओढायचा, पाय घसरू नये म्हणून वाळू टाकायची. अमोनियमचे क्षार तर अजिबात नकोत, ते सिमेंटवर थेट रासायनिक हल्ला करतात. कोब्याला पूलपासून दूर मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ हवा. आणि पूलची कड व कोबा यांच्यामधला सांधा दर शरद ऋतूत बघायचा. तिथलं लवचीक सीलंट फाटलं असेल तर जुनं खरवडून, कोरडं करून नवं भरायचं, कारण कोब्याखालच्या मातीत पाणी सर्वांत जास्त तिथूनच उतरतं.