मालागोलाणू (स्ट्रेप्टोकॉकस)

माळेसारखे किंवा जोडीने राहणारे गोल जीवाणू. ग्रॅम-रंजनात (जीवाणू ओळखण्यासाठी रंग देण्याच्या पद्धतीत) ते जांभळे दिसतात. कित्येक जाती तोंडात व आतड्यात निरुपद्रवी असतात आणि थर्मोफिलस ही जाती दह्याच्या विरजणात असते.

शोधाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. थिओडोर बिलरोट यांनी १८७४ मध्ये धावरे (त्वचा लाल होऊन सुजण्याचा रोग) व जखमांतील पू तपासताना या माळांना नाव दिले, पण निरनिराळे जंतू एकाच जीवाची रूपे असावीत, असे ते मानत. लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये बाळंतज्वराशी त्यांचा संबंध जोडला. फेहलायझेन यांनी १८८३ मध्ये धावऱ्यातून शुद्ध संवर्ध (केवळ याच जंतूंची प्रयोगशाळेतील वाढ) मिळवून त्यापासून रोग पुन्हा निर्माण केला. रोगकारण सिद्ध करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. पायोजेनीस हे जातिनाम रोझेनबाख यांचे (१८८४).

वर्गीकरण प्रथम रक्त-आगरावरील (जंतू वाढवण्याच्या रक्तमिश्रित माध्यमावरील) खुणांवरून झाले: तांबड्या पेशी पूर्ण विरघळल्यास बीटा, हिरवट छटा आल्यास आल्फा, बदल नसल्यास गॅमा. रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये पेशीभित्तीतील कर्बोदकावरून गट पाडले. न्यूमोनियाकारक जाती मात्र या गटांत बसत नाही. ‘अ’ गटाच्या (म्हणजे पायोजेनीस जातीच्या) पृष्ठभागावरील एम-प्रथिनाचे २०० हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी उपयोगी पडत नाही. त्यामुळे घसा वारंवार बाधतो आणि लस करणे अवघड जाते.

‘अ’ गटामुळे घसादुखी, लोहितांग ज्वर (अंगावर लाल पुरळ येणारा ताप), धावरे, त्वचेवरचे पुवाचे फोड आणि क्वचित ऊती झपाट्याने नासवणारा संसर्ग होतो. घसा बरा झाल्यावर साधारण २-३ आठवड्यांनी काही मुलांना संधिज्वर होतो. सांध्यांची सूज ओसरते, हृदयाच्या झडपांची हानी मात्र राहू शकते. या गटाचे खरे गांभीर्य त्यातच आहे. मूत्रपिंडाचा शोथ (दाह) घसा आणि त्वचा या दोहोंच्या संसर्गानंतर आढळतो. संधिज्वर मात्र केवळ घशापासून होतो, हे जुने मत. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये घशाचा संसर्ग कमी, त्वचेचा पुष्कळ आणि तरीही संधिज्वराचे प्रमाण मोठे आढळल्याने या मताला आव्हान मिळाले. घसा हा मुख्य मार्ग मानला, तरी फोडांकडे दुर्लक्ष करणे बरोबर ठरणार नाही.

पेनिसिलीन आजही गुणकारी आहे. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांत उपचार सुरू केल्यास संधिज्वर बहुधा टळतो. तोंडाने घ्यायचे औषध १० दिवस पूर्ण करावे लागते. ताप उतरताच ते बंद करू नये. एकदा संधिज्वर झालेल्यांना दर ३-४ आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनची सुई अनेक वर्षे द्यावी लागते.

‘ब’ गट नवजात बालकांत रक्तातील जंतुसंसर्ग व मस्तिष्कावरणशोथ (मेंदूच्या आवरणाचा दाह) घडवतो.