लेकराला मांडीवर घट्ट धरलं की झालं? हिशोब करून बघू

कितीतरी वर्षांपासून एक समजूत फिरते, की सिटीत गाडी हळूच असते, पोट्ट्याला मांडीवर घट्ट धरलं की पुरे. वाटणं साहजिक आहे, कारण साध्या ब्रेकला हात खरंच पुरतो.

न्यूटनचा दुसरा नियम: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, त्वरण म्हणजे सेकंदाला स्पीड किती बदलते ते. समजा नागपूरच्या वर्धा रोडवर गाडी 40 च्या स्पीडने, म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर, लेकरू 10 किलोचं. सिग्नलला कचकचून ब्रेक मारला, दीड सेकंदात थांबली, तर 11 भागिले 1.5 गुणिले 10, जवळपास 75 न्यूटन. 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार, म्हणून साडेसात किलो पेलल्यासारखं, जमते. पण डिव्हायडरला आदळली तर पुढचा पत्रा अर्धा मीटर चेपेपर्यंत 0.1 सेकंदात सगळा खेळ आटपतो अन् तेच 1100 न्यूटन होते. सिमेंटची दोन भरलेली पोती अन् वर थोडं, तेही कळायच्या आत! तुम्ही स्वतः पुढे फेकले जाता ते वेगळंच.

स्वतः करून बघा, स्पीडला 3.6 नी भागा, मग थांबायच्या वेळेनी, मग वजनानी गुणा. धडकेत 20 चा स्पीड घेतला तरी एक पोतं निघतेच. आणि आपलाच बेल्ट लेकरावरून घेऊ नका, धडकेत आपलं वजन त्याच्यावरच येते, त्याला मागच्या सीटवर चाइल्ड सीटच लागते.