अपरिग्रह

अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त गोळा न करणं आणि जे आहे त्याच्यात जीव अडकवून न ठेवणं. परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी पकडून ठेवणं, ती पकड सैल केली की अपरिग्रह. जैनांच्या ५ महाव्रतांत हे शेवटचं, पतंजलींच्या योगसूत्रांतल्या ५ यमांतही, म्हणजे संयमाच्या नियमांतही, शेवटीच येतं.

याची सगळ्यात नेमकी व्याख्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात आहे, 'मूर्च्छा परिग्रहः', म्हणजे वस्तूपायी भान हरपणं हाच परिग्रह. मला हे फार पटतं, कारण मग हिशोब वस्तूंचा राहतच नाही, एकाच जुन्या छत्रीत जीव अडकलेला माणूसही बांधलेलाच असतो. साधू सगळंच सोडतात पण संसारी माणसासाठी परिग्रह-परिमाण नावाचं सोपं व्रत आहे, त्यात जमीन, सोनं, पैसा किती ठेवायचा ती हद्द आपणच ठरवायची आणि पाळायची.

मुंबईत हे डोळ्यांनी बघायचं तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला जावं. डोंगरात १००हून जास्त लेणी आहेत, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजारेक वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. छोटी खोली, झोपायला दगडाचा ओटा, बाहेर पाण्याचं टाकं, बस. भिक्खूच्या मालकीच्या वस्तू परंपरेनं ८च, तीन चीवरं म्हणजे अंगावरची वस्त्रं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. आता गंमत बघा, ही लेणी खोदायला पैसे दिले ते कल्याण, सोपाऱ्याच्या (आजचं नालासोपारा) व्यापाऱ्यांनी वगैरे, आणि शिलालेखांत अक्षयनीवीची, म्हणजे मुद्दल तसंच ठेवून व्याजावर चालणाऱ्या दानाची नोंद आहे, म्हणजे काही न बाळगणाऱ्यांचा खर्च बाळगणारे उचलत होते. मला यात ढोंग दिसत नाही, उलट देणाऱ्याचीही पकड तेवढी सुटली असं वाटतं.

आपल्याकडे चाळीत अपरिग्रहाची परीक्षा माळ्यावर होते. गिरगावातली आमची १० बाय १२ची खोली रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळ्यावरून पितळेचे डबे, मोडका स्टोव्ह, कुणाच्यातरी मुंजीतल्या पत्रावळी असं काय काय निघालं, आणि आई प्रत्येक वस्तूपाशी थांबायची, हे असू दे, ते असू दे. मग एका दुपारी तिनेच बोहारणीला हाक मारली, लग्नातला शालू सोडून सगळ्या जुन्या साड्या दिल्या, बदल्यात एक स्टीलचं पातेलं घेतलं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली. पातेल्यात अजून रोज दूध तापतं, शालू मात्र तिने ठेवलाय, तिची हद्द तिने तिथे आखली.