गाठ सोडणे आणि पकड सोडणे: आरएनए हेलिकेजची पार्श्वभूमी

आरएनएचा धागा एकेरी असतो, पण तो सरळ कधीच राहत नाही. जुळणारी अक्षरे समोरासमोर आली की तो स्वतःवरच दुमडतो, गाठी बसतात, वर प्रथिने चिकटतात. आरएनएवरचा जनुकाचा निरोप वाचायचा असो, कापून जोडायचा असो की काम झाल्यावर मोडीत काढायचा असो, आधी त्या गाठी सुटल्या पाहिजेत. हे काम आरएनए हेलिकेज नावाची एन्झाइमे करतात. माणसात त्यांचे साठाहून अधिक प्रकार आहेत. कर्करोग, विषाणूसंसर्ग, डोळ्यांचे आनुवंशिक आजार अशा एकमेकांपासून लांबच्या विषयांत आज त्यांची नावे येतात. असे का, हे कळायला ती मुळात कुठून हाती लागली ते पाहावे लागते.

हेलिकेज शोधायला म्हणून कुणीच निघाले नव्हते. सत्तरच्या दशकात सशाच्या अपक्व तांबड्या पेशींच्या अर्कात प्रथिने कशी बनतात ते तपासताना ईआयएफ-४ए हा घटक सापडला. माकडांच्या एका विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडाने माणसाच्या पेशीतले पी-६८ हे भलतेच प्रथिन पकडले. फळमाशीत वासा नावाचे जनुक मिळाले. ते बिघडलेल्या मादीच्या गर्भांत जननपेशीच तयार होत नाहीत, म्हणून वंश संपलेल्या स्वीडनच्या वासा राजघराण्याचे नाव त्याला दिले गेले.

यीस्टची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९७० मध्ये लेलँड हार्टवेल आणि सहकाऱ्यांनी यीस्टची काही वाणे अभ्यासली. थंडाव्यात ती व्यवस्थित वाढत, पण तापमान वाढवले की रायबोसोम, म्हणजे निरोप वाचून प्रथिने बनवणारी पेशीतली यंत्रे, बनवणे बंद करत. यामागे दहा जनुके आहेत असे त्यांनी दाखवले. कारण मात्र कळेना. आरएनएमधले नको ते तुकडे कापून उरलेले जोडले जातात, हे १९७७ मध्ये उमगल्यावर उलगडा झाला. यीस्टमध्ये असे तुकडे मोजक्याच जनुकांत असतात, आणि त्यात रायबोसोमच्या प्रथिनांची जनुके बरीच. त्यामुळे कापजोड अडली की पहिला फटका तिथेच बसे. त्या दहांपैकी एक, आज ज्याला पीआरपी-२ म्हणतात, पुढे हेलिकेजच्याच कुळातले निघाले.

धागे जुळले ते १९८८-८९ मध्ये. वासा आणि ईआयएफ-४ए यांच्या अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या, ओळी शेजारी ठेवल्या तेव्हा त्या विलक्षण सारख्या दिसल्या. १९८९ मध्ये पॅट्रिक लिंडर, पिओत्र स्लोनिम्स्की आणि इतरांनी जिवाणूपासून उंदरापर्यंतची अशी प्रथिने एकत्र मांडली. सगळ्यांत एका ठरावीक जागी तीच चार अक्षरे होती: डी, ई, ए, डी, म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ॲलानिन आणि पुन्हा ॲस्पार्टिक आम्ल. एटीपी हे पेशीचे इंधन जिथे वापरले जाते, त्याच कप्प्यातली ही अक्षरे. या कुळाला ‘डेड बॉक्स’ हे नाव तेव्हापासून पडले. पी-६८ आरएनएची जोडी खरोखर उलगडते, हेही त्याच वर्षी प्रयोगाने सिद्ध झाले.

ही एन्झाइमे पिशवीच्या चेनसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडत जातात, असा बरीच वर्षे समज होता. हिपॅटायटिस-सी किंवा डेंग्यूच्या विषाणूंची स्वतःची हेलिकेजे धाग्यावरून चालतात, हे खरे. डेड बॉक्सवाल्यांचे तसे नाही. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी आरएनए धरलेल्या वासाची रचना उलगडली. त्यात आरएनएचा धागा एका जागी चक्क वाकवलेला दिसतो. गुंतलेल्या लोकरीत नख घालून गाठ सैल करावी, तसे. २००८ मध्ये एकहार्ड यांकोव्स्की यांच्या गटाने दाखवले की गाठ सुटायला एटीपी नुसते बसले तरी पुरते. एटीपी तुटावे लागते ते नंतर, धाग्यावरची पकड सोडण्यासाठी. माझ्या मते या विषयातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. पकड केव्हा सुटते यावर किती काही अवलंबून असते, ते आजारांत दिसते.

विषाणूचा आरएनए ओळखून धोक्याची घंटा वाजवणारे रिग-आय हे प्रथिन २००४ मध्ये ताकाशी फुजिता यांच्या गटाने पुढे आणले. तेही हेलिकेजच्याच घराण्यातले. आपल्याच पेशीचा आरएनए चुकून हाती आला, तर एटीपी तोडून ते तो टाकून देते. २०१५ मध्ये सिंगलटन-मर्टन या दुर्मीळ आजाराच्या काही रुग्णांत रिग-आयमधले एकच अमिनो आम्ल बदललेले सापडले. ते नेमके त्या चार अक्षरांतल्या दुसऱ्या, ‘ई’च्या जागचे होते. घंटा वाजतच राहते. महाधमनीत कॅल्शियम साचते, काचबिंदू होतो, हाडे बिघडतात.

त्याच वर्षी डीडीएक्स-३एक्स या जनुकातले बदल मुलींमधल्या बौद्धिक अक्षमतेचे एक कारण म्हणून पुढे आले. कारण न सापडलेल्या अशा मुलींपैकी १ ते ३ टक्क्यांमध्ये ते आढळतात. बहुतेकींमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत बसलेल्या घरांना हे कळणे फार मोलाचे आहे. कापजोडीतले बीआरआर-२ हे हेलिकेज सगळ्याच पेशींत लागते, तरी त्यातल्या काही बदलांनी रेटिनायटिस पिग्मेंटोसा होतो. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग नजरेचा घेर आवळत जातो.

औषधाची वाटही पकडीतूनच निघाली. कडुनिंबाच्या कुळातल्या अग्लाइया या झाडातून १९८२ मध्ये रोकाग्लामाइड हे द्रव्य वेगळे केले गेले. ल्युकेमियाविरुद्ध त्याचा गुण दिसला होता, पण ते नेमके काय करते हे फार उशिरा कळले. ते ईआयएफ-४एला, म्हणजे सशाच्या पेशींतल्या त्या जुन्या घटकाला, आरएनएवरच्या ए आणि जी या अक्षरांच्या सलग ओळीवर जखडून टाकते. पकड सुटत नाही, निरोप वाचणारे रायबोसोम पुढे सरकू शकत नाही. सतत नवी प्रथिने बनवत राहिल्याशिवाय कर्करोगाच्या पेशींचे भागत नाही, म्हणून त्यांना हे जास्त जड जाते. याच रेणूच्या धर्तीवर बनवलेल्या झोटाटिफिनच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत.