प्रोटिएज: प्रथिनं कापणारी एन्झाइम्स

प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांबलचक साखळी असते आणि त्यातल्या शेजारशेजारच्या दोन अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध पाण्याचा एक रेणू वापरून तोडायचा, एवढंच याचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण हा बंध भलता चिवट आहे, नुसत्या पाण्यात नेहमीच्या तापमानाला तो आपोआप तुटायची वाट बघितली तर शेकडो वर्षं जातील आणि एन्झाइम तेच काम सेकंदाच्या आत उरकतं. माणसाच्या जीनोममध्ये प्रोटिएजचे साडेपाचशेच्या वर जीन्स आहेत, म्हणजे एकूण जीन्सच्या दोन-तीन टक्के. अन्न पचवण्यापुरती एवढी गरज नाही हे उघड आहे. रक्त गोठणं, जखम भरणं, हाडांची डागडुजी, इन्सुलिन तयार होणं, नको असलेली पेशी मारणं, जंतूंशी लढणं, सगळीकडे कुठलं ना कुठलं प्रोटिएज काहीतरी कापत असतंच.

पेशी प्रथिनांमध्ये बाकीही बरेच बदल करते, म्हणजे फॉस्फेट चिकटवते आणि नको झालं की काढूनही टाकते, पण कापलेलं प्रथिन परत जोडत बसत नाही, हवंच असेल तर नवीन बनवावं लागतं. त्यामुळे कापायचं कसं यापेक्षा कधी, कुठे आणि नेमकं काय कापायचं यावरच पेशीची सगळी मेहनत खर्च होते, आणि प्रोटिएजमुळे होणारे बहुतेक आजार बघितले तर कात्री खराब झालेली नसते, ती नको त्या जागी नाहीतर नको त्या वेळी चाललेली असते.

शोध कसा लागत गेला

सुरुवात पोटापासूनच झाली. 1836 साली थिओडोर श्वान यांनी जठररसातलं पेप्सिन शोधलं, पुढे 1876 मध्ये विल्हेल्म क्यूने यांनी स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिनचं वर्णन केलं. एन्झाइम म्हणजे स्वतः प्रथिनच असतं हे तेव्हा कोणाला पक्कं माहीत नव्हतं, जॉन नॉर्थ्रॉप यांनी 1930 मध्ये पेप्सिनचे स्फटिक बनवून दाखवले तेव्हा कुठे शंका मिटायला लागली (1946 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता). पेशीच्या आतही कापाकापी चालते हे नीट कळलं ते ख्रिस्तियन द ड्यूव्ह यांनी 1955 च्या सुमारास लायसोसोम शोधल्यावर. एका पडद्याच्या आत बंद असलेली ही छोटी पिशवी, आतलं वातावरण आम्ल, पीएच साडेचार-पाचच्या आसपास, आणि त्यात कॅथेप्सिन नावाची बरीच प्रोटिएजेस. बरीच वर्षं असंच मानलं गेलं की जुनी प्रथिनं मोडायची म्हणजे लायसोसोममध्येच, बाकी कुठे काही नाही.

पण हिशेब जुळत नव्हता. काही प्रथिनं मिनिटांत गायब व्हायची तर काही कित्येक दिवस टिकायची, शिवाय प्रथिन मोडायला पेशी एटीपी म्हणजे ऊर्जा खर्च करताना दिसत होती, जे विचित्रच होतं कारण बंध तोडायला ऊर्जा लागायचं कारण नाही. अॅरन चिखानोवर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटापासून हे कोडं सोडवत नेलं: ज्या प्रथिनाचे दिवस भरलेत त्याला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन जोडलं जातं आणि ऊर्जा आधी लागते ती या निवडीसाठी. खूण लागलेलं प्रथिन मग प्रोटिएझोममध्ये ढकललं जातं, म्हणजे एका पोकळ नळीसारख्या यंत्रणेत, जिच्या कापणाऱ्या जागा आतल्या बाजूला असतात आणि तोंड इतकं अरुंद की उलगडल्याशिवाय प्रथिन आत जातच नाही, त्यामुळे शेजारून जाणारं चांगलं प्रथिन चुकून कापलं जायची भीती नाही. या कामाला 2004 चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी बोर्टेझोमिब हे प्रोटिएझोम बंद पाडणारं औषध मल्टिपल मायलोमा या कॅन्सरसाठी मंजूर झालं होतं. मायलोमाच्या पेशी अँटिबॉडीचे ढीग बनवत असतात, बिघडलेल्या प्रथिनांची विल्हेवाट थांबली की त्या बाकीच्या पेशींपेक्षा आधी मरतात.

प्रकार

कापणाऱ्या जागेवर नेमकं कोण काम करतं त्यावरून गट पाडतात. माणसात सेरीन, सिस्टीन, अॅस्पार्टिक, थ्रिओनीन (ही चार नावं अमिनो आम्लांची) आणि मेटॅलो असे पाच, मेटॅलोमध्ये बहुतेकदा जस्ताचा अणू असतो. ट्रिप्सिन आणि रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन सेरीनवाले, बहुतेक कॅथेप्सिन आणि सगळे कॅस्पेज (पेशी मरताना कामाला लागणारी, पुढे येतात) सिस्टीनवाले, पेप्सिन अॅस्पार्टिक, प्रोटिएझोम थ्रिओनीनवाला. कुठल्या अमिनो आम्लापाशी कापायचं याची प्रत्येकाची आवड वेगळी, ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिन दिसलं की त्याच्यामागे कापतं तर कॅस्पेजला अॅस्पार्टिक आम्ल लागतं.

आवर कसा घातला जातो

पहिला उपाय म्हणजे प्रोटिएज निष्क्रिय रूपात बनवायचं. स्वादुपिंडात ट्रिप्सिन नसतंच, ट्रिप्सिनोजेन असतं, ते आतड्यात पोचल्यावर तिथलं एंटेरोपेप्टिडेज हे प्रोटिएज त्याचा एक तुकडा काढून टाकतं आणि मग ते जागं होतं, जागं झालेलं ट्रिप्सिन बाकीच्यांना जागं करतं. दुसरा उपाय म्हणजे लायसोसोमसारख्या जागी कोंडून ठेवायचं, बाहेर पीएच सातच्या वर असल्यामुळे पिशवी फुटली तरी बरेचसे कॅथेप्सिन फार काळ टिकत नाहीत. तिसरा उपाय इनहिबिटर्स, म्हणजे प्रोटिएजला धरून ठेवणारी प्रथिनं. त्यातला सर्पिन हा गट मला सगळ्यात भन्नाट वाटतो. सर्पिन आपला एक भाग मुद्दाम पुढे करतं, प्रोटिएज तो कापायला जातं आणि काम अर्धवट असतानाच सर्पिनचा आकार एकदम बदलतो, चिकटलेलं प्रोटिएज ओढत दुसऱ्या टोकाला नेलं जातं आणि त्या ओढाताणीत त्याची रचनाच बिघडते. सर्पिनही त्यात संपतं, एकाला एक असा सौदा.

हा आवर सुटला की काय होतं याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण 1963 मध्ये सापडलं. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांना स्वीडनमध्ये काही लोकांच्या रक्तात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे सर्पिन जवळजवळ नव्हतंच असं दिसलं आणि त्यातल्या काहींना कमी वयातच एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार) झालेला होता. नाव अँटिट्रिप्सिन असलं तरी शरीरातलं त्याचं मुख्य काम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं इलास्टेज आवरायचं, ते मोकळं सुटलं की फुप्फुसाचा लवचिकपणा टिकवणारं इलास्टिन कापत सुटतं. सिगरेट ओढणाऱ्याला तर दुहेरी फटका, कारण धुरामुळे या सर्पिनचं एक महत्त्वाचं अमिनो आम्ल, मेथिओनीन, ऑक्सिडाइज होतं आणि जे थोडंफार शिल्लक असतं तेही नीट काम करत नाही. ट्रिप्सिनचंही तसंच, 1996 मध्ये आनुवंशिक पँक्रिएटायटिसच्या (स्वादुपिंडाला सूज येण्याच्या) कुटुंबांमध्ये ट्रिप्सिनोजेनच्या जीनमधला बदल सापडला, ज्यामुळे स्वादुपिंडाच्या आतच जागं झालेलं ट्रिप्सिन वेळेत निष्क्रिय होत नाही.

मरायची आज्ञा

पेशी स्वतःहून मरते तेव्हाही प्रोटिएजच कामाला लागतात. सी. एलेगन्स या एक मिलिमीटरच्या कृमीचं शरीर घडताना 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर 131 मरतात, दरवेळी त्याच. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या लॅबमध्ये दिसलं की सीईडी-3 हा जीन बिघडवला तर त्या पेशी मरतच नाहीत, आणि 1993 मध्ये कळलं की या जीनचं प्रथिन माणसातल्या एका सिस्टीन प्रोटिएजसारखं आहे. आज त्या कुटुंबाला कॅस्पेज म्हणतात (2002 चं नोबेल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना). कॅस्पेज-3 जागं झालं की शेकडो ठरावीक प्रथिनं ठरावीक जागी कापतं, केंद्रकाचं अस्तर सुटतं, डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमला अडवून धरणारं प्रथिन कापलं जातं, आणि पेशी आजूबाजूला घाण न करता आवरली जाते. कॅन्सरमध्ये हे पुरेसं होत नाही, स्ट्रोकमध्ये नको तितकं होतं.

कॅन्सर आणि एक फसलेला अंदाज

1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर बेडकाच्या पिल्लाची शेपटी कशी विरघळते ते बघत होते, त्यात त्यांना कोलॅजेन हे पेशींना आधार देणारं प्रथिन कापणारं एन्झाइम सापडलं. मेट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणजे एमएमपी या मोठ्या कुटुंबाची ही सुरुवात. पेशींभोवतीची जाळी हे कापतात, मग कॅन्सरची पेशी जाळी तोडून पसरते ती यांच्याच जोरावर, असा विचार रुजला. दुसरीकडे बॉनी स्लोन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवलं की उंदराच्या मेलेनोमामध्ये (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) पसरण्याची ताकद जास्त तिथे कॅथेप्सिन बीसुद्धा जास्त, म्हणजे लायसोसोममधलं एन्झाइमसुद्धा या भानगडीत आहे, आणि पुढे दिसलं की कॅन्सरच्या पेशी ते बाहेर सोडतात, पेशीच्या पृष्ठभागावरही आणतात.

मग 1990 च्या दशकात एमएमपी बंद करणारी औषधं आली, मारिमास्टॅट वगैरे, आणि जवळपास सगळी फसली. आयुष्य वाढलं नाही, सांधे आणि स्नायू मात्र आखडले, एका चाचणीत तर औषध घेणारे डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावले. कारणं नंतर उलगडत गेली. चाचण्या बहुतेक खूप पुढे गेलेल्या कॅन्सरवर झाल्या जिथे पसरायचं ते आधीच पसरून झालेलं होतं, औषधं एकाच वेळी बरीच एमएमपी बंद करायची, आणि काही एमएमपी तर ट्यूमरच्या विरोधात काम करतात, उदाहरणार्थ एमएमपी-8 नसलेल्या नर उंदरांना त्वचेच्या गाठी जास्त झाल्या (2003). एमएमपी नुसती जाळी तोडत नाहीत, संदेश देणारे रेणूही कापून चालू किंवा बंद करतात, हे तोपर्यंत कोणी फारसं धरलंच नव्हतं. स्पष्ट सांगायचं तर एन्झाइम कोण हे माहीत होतं, ते काय काय कापतं हे माहीत नव्हतं, आणि तरी औषध माणसांना देऊन झालं.

हाच प्रकार अजून दोनदा तरी झाला. अल्झायमरमध्ये साठणारं अमिलॉइड बीटा हे एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा असतं, बीटा आणि गॅमा सिक्रिटेज अशा दोघांनी कापलेला, तेव्हा गॅमा सिक्रिटेज थांबवलं की झालं असं वाटलं. पण तेच एन्झाइम नॉच हे पेशींमधले संदेश पोचवणारं महत्त्वाचं प्रथिनही कापतं, आणि सेमागॅसेस्टॅटच्या चाचण्या 2010 मध्ये थांबवाव्या लागल्या कारण रुग्णांची स्मरणशक्ती आणखी ढासळली आणि त्वचेचे कॅन्सर वाढले. हाडांचं उदाहरण तर जास्त चटका लावणारं आहे. हाड खाणाऱ्या पेशींचं मुख्य एन्झाइम कॅथेप्सिन के, ते जन्मतः नसेल तर पिक्नोडिसोस्टोसिस हा हाडं दाट पण ठिसूळ करणारा आजार होतो (जीन 1996 मध्ये सापडला, चित्रकार तुलूझ-लोत्रेकला हाच आजार असावा असा अंदाज आहे). त्यावरून ऑस्टिओपोरोसिससाठी ओडानाकॅटिब बनवलं, त्याने फ्रॅक्चर खरोखर कमी झाले, पण स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसला आणि 2016 मध्ये ते सोडून द्यावं लागलं.

जिथे जमलं

जिथे प्रोटिएजचं काम मोजकं आणि माहितीतलं आहे तिथे मात्र औषधं मस्त चालली. ब्लडप्रेशर वाढवणारं अँजिओटेन्सिन-2 तयार करणारं एसीई थांबवणारं कॅप्टोप्रिल 1981 मध्ये आलं, त्याचा धागा ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषापर्यंत जातो. एचआयव्हीचं प्रोटिएज विषाणूच्या लांब प्रथिनाचे सुटे भाग करतं, ते रोखणारं पहिलं औषध साक्विनाविर 1995 चं, आणि दुसऱ्या औषधांच्या जोडीने या गटामुळे एड्सने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. कोविडचं निरमाट्रेल्विर याच वाटेचं, कोरोनाविषाणूचं मुख्य प्रोटिएज ग्लुटामिनमागे कापतं आणि माणसाच्या प्रोटिएजमध्ये अशी आवड सहसा दिसत नाही, त्यामुळे औषधाचा नेम फारसा चुकत नाही. उलट्या बाजूनेही उपयोग होतो: टीपीए हे स्वतःच प्रोटिएज आहे, ते प्लाझ्मिन या गुठळी कापणाऱ्या प्रोटिएजला जागं करून रक्ताची गुठळी विरघळवतं, स्ट्रोकमध्ये साधारण साडेचार तासांच्या आत दिलं तर.

प्रयोगशाळेत कसं बघतात

अडचण अशी की अँटिबॉडी लावून प्रोटिएज किती आहे ते कळतं, ते जागं आहे का ते कळत नाही, आणि निष्क्रिय रूप, जागं रूप, इनहिबिटरने धरलेलं रूप ही तिन्ही त्यात एकच दिसू शकतात. म्हणून झायमोग्राफी करतात, जेलमध्ये जिलेटिन घालून नमुना चालवायचा, मग रंगवायचं, जिथे जिलेटिन कापलं गेलं तिथे निळ्यावर पांढरा पट्टा उमटतो (यातही एक खोच आहे, जेलमध्ये निष्क्रिय एमएमपीसुद्धा जागी होतात, तेव्हा पट्ट्याची जागा नीट बघावी लागते). जिवंत पेशींसाठी असं कोलॅजेन वापरतात ज्याला इतका फ्लुरोसंट रंग लावलेला असतो की तो स्वतःच झाकोळतो आणि कापलं गेलं की चमकतो, स्लोन यांच्या गटाने त्यावर बरंच काम केलं. फक्त जाग्या प्रोटिएजलाच कायमचे चिकटणारे प्रोब म्हणजे खुणेचे रेणूही असतात. आणि कोण काय कापतं हे शोधायला प्रथिनांची नवीन तयार झालेली टोकं मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात, क्रिस्टोफर ओव्हरॉल यांच्या लॅबची 2010 ची टेल्स पद्धत त्यातलीच, एमएमपी औषधांच्या वेळी हीच माहिती हातात नव्हती.

बंद करायच्या ऐवजी ट्यूमरमध्ये जागी असलेली प्रोटिएजेस वापरून घ्यायची अशीही एक दिशा आहे. 2024 मध्ये अमेरिकेत पेगुलिसियानीन हे औषध स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी मंजूर झालं, शिरेतून दिल्यावर ते कॅथेप्सिन आणि एमएमपींनी कापलं जातं आणि चमकायला लागतं, त्यामुळे गाठ काढल्यावर कुठे काही राहिलंय का ते सर्जनला तिथल्या तिथे शोधता येतं. काही जणांना त्याची तीव्र अॅलर्जी येऊ शकते, म्हणून त्यावर कडक इशाराही छापलेला असतो.