मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाला किती तास लागतात आणि गाडी कोणत्या तारखेची सांगायची

उन्हाळ्यात लेकाकडे, लेकीकडे निघालेली मंडळी तिकीट हातात पडलं की आम्हा तिकीट काढून देणाऱ्यांना पहिला फोन करतात तो हाच: "रात्री दीडला सुटून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क? सहा तासांत? काहीतरी चुकलंय."

चुकलेलं नसतं. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे वरचा प्रवास साडेपंधरा तासांचा. येताना उंचावरचे वारे पश्चिमेकडून पाठीशी असतात, त्यामुळे साधारण तासभर वाचतो. तिकिटावर मात्र पूर्ण दिवस गेल्यासारखा दिसतो. वजाबाकी करूच नका, तिकिटावर प्रवासाचे एकूण तास वेगळे छापलेले असतात ते बघा.

सरळ हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. दुबईवरून गेलं तरी ते जेमतेम चारशेनं वाढतं. मग तिकडून जाताना साडेपंधराचे २२-२४ तास कसे होतात? मधल्या थांब्यामुळे.

आता खरा घोळ. तिकिटावर १५ तारीख, ०१:३० असं असेल तर ते विमान १४ तारखेची रात्र सरता सरता सुटतं. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर मोजायची सवय, म्हणून लोक १५ला जेवणखाण उरकून निवांत निघतात. तोवर विमान न्यूयॉर्कला पोचलेलं असतं! मग नवं तिकीट, वाढीव भाडं, आणि आमचा दिवस विमान कंपनीच्या फोनवर. कोल्हापूरहून मुंबई आठ-नऊ तासांची वाट, त्यात घाट आणि वाशीची गर्दी. विमानतळावर चार तास आधी पोचायचं धरलं तर १४ला सकाळी अकराच्या आत घर सोडायला हवं. गाडीही १४ची सांगायची. तिकडे मुलांना मात्र न्यायला १५लाच यायला सांगा.

"मोबाइलवर स्वस्त दिसतंय, तुम्हीच महाग देता," हेही ऐकतो. ते स्वस्त तिकीट उघडून बघा: कधी मध्ये तासाभराचा थांबा, कधी दोन वेगळी तिकिटं जोडलेली. दुसरं विमान हुकलं तर पहिली कंपनी हात वर करते. वयस्कर प्रवाशांना आम्ही तीन तासांहून कमी थांबा देत नाही आणि सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, ठेवतो. त्याचे चार पैसे जास्त पडतात, पडू द्या.

आमच्या तिकिटासोबत मराठीत एक पान मिळतं. घर सोडण्याची, विमानतळावर पोचण्याची, सुटण्याची आणि उतरण्याची तारीख-वेळ त्यावर मोठ्या अक्षरात असते. व्हीलचेअरची नोंदही आम्हीच करतो. तिकीट दुसरीकडून काढलं असलं तरी घेऊन या, तारीख तपासून देण्याचे पैसे घेत नाही. प्रवास विमा आणि मुंबईपर्यंतची गाडी राहिली असेल तर तेही त्याच वेळी ठरवून टाकू.