रातांधळेपणा आणि बालमृत्यू : डॉ. आल्फ्रेड सॉमर यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराची लस टोचली की आरोग्यसेविका चमच्यावरची खूण बघून एक मिली पिवळसर, तेलकट औषध पाजते. ते असतं 'अ' जीवनसत्त्व, एक लाख युनिट. पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. भारतात ही मोहीम १९७० मध्ये सुरू झाली ती मुलांना अंधत्वापासून वाचवण्यासाठी. आजही बहुतेक आया हा डोस डोळ्यांसाठीच आहे असं समजतात. पण हे जीवनसत्त्व मुलांचा जीवही वाचवतं, हे जगाला पटवून दिलं एका नेत्रतज्ज्ञानेच.

आल्फ्रेड सॉमर यांचा जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कचा. डोळ्यांकडे वळण्याआधी ते साथरोगांच्या कामासाठी ढाक्याला गेले होते. १९७० च्या नोव्हेंबरातल्या प्रलयंकारी चक्रीवादळानंतर किती माणसं गेली, कोण वाचलं, याच्या पाहणीत ते होते. मतलब नावाच्या ग्रामीण भागात मुलांच्या दंडाचा घेर मोजून, त्यांतली पुढे कोणती दगावली हेही त्यांनी तपासलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे. मूल तपासून थांबायचं नाही, त्याचं पुढे काय झालं ते बघायचं, ही सवय त्यांना डोळ्यांचे डॉक्टर होण्याआधीच लागली होती.

बाल्टिमोरच्या विल्मर संस्थेत नेत्रविकारांचं शिक्षण पुरं करून १९७६ मध्ये ते इंडोनेशियात गेले. पश्चिम जावातल्या पुरवाकार्ता जिल्ह्यातल्या गावांत सरासरी साडेतीन हजार लहान मुलं दर तीन महिन्यांनी तपासली जात होती. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रातांधळेपणाला तिथे 'बुता आयाम' म्हणतात, म्हणजे कोंबडीचं आंधळेपण, कारण तिन्हीसांजेला कोंबड्यांनाही दिसत नाही. दिवसभर खेळणारं पोर दिवेलागणीला एका जागी बसून राहतं, समोरची ताटली चाचपडतं, हे आईला आधी कळतं. आईचं हे सांगणं भरवशाचं असतं, हे सॉमर यांनी रक्ततपासणीशी ताडून दाखवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय तोंडावाटे दिलेला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस इंजेक्शनइतकाच गुणकारी ठरतो, हेही याच काळातलं काम. त्यामुळे उपचार सुईविना गावोगाव नेणं शक्य झालं.

१९८२ च्या अखेरीस ते बाल्टिमोरमध्ये हीच आकडेवारी चाळत होते. रातांधळी मुलं पुढच्या फेऱ्यांमध्ये दिसेनाशी होत होती, कारण ती मेली होती. ज्यांच्या डोळ्यांत फक्त सौम्य लक्षणं होती, त्यांचंही मृत्यूचं प्रमाण इतर मुलांच्या सरासरी चौपट निघालं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला आणि वैद्यकविश्व जवळपास गप्पच राहिलं.

खरं तर हे आधी दिसून गेलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कचं लोणी परदेशी जात होतं आणि गरिबांची मुलं 'अ' जीवनसत्त्व जवळपास नसलेलं मलईविरहित दूध व मार्गारिन यांवर वाढत होती. त्यांचे डोळे कोरडे पडत आणि संसर्गाने ती दगावतही, हे कार्ल ब्लोख या बालरोगतज्ज्ञाने नोंदवलं होतं. १९३२ मध्ये लंडनमध्ये एलिसन या डॉक्टरांनी गोवर झालेल्या ६०० मुलांपैकी निम्म्यांना 'अ' जीवनसत्त्व दिलं. त्यांच्यात ११ मृत्यू झाले, उरलेल्या निम्म्यांत २६. पुढे सल्फा औषधं आणि प्रतिजैविकं आली आणि हे सगळं मागे पडलं. सॉमर यांना ते नव्याने सिद्ध करावं लागलं.

त्यासाठी त्यांनी आणि इंडोनेशियातल्या सहकाऱ्यांनी आचे प्रांतातली ४५० गावं घेतली. काही गावांत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाची कॅप्सूल दिली, बाकीच्या गावांत अभ्यास संपल्यावर. १९८६ मध्ये निकाल आला : एक ते पाच वर्षांच्या मुलांमधले मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. तरी शंका संपल्या नाहीत, आणि एका अभ्यासावर विसंबू नये हे योग्यच. मग नेपाळमध्ये आणि तमिळनाडूत मृत्यू घटल्याचं दिसलं, हैदराबादच्या अभ्यासात मात्र फरक आढळला नाही. १९९० च्या दशकात जागतिक संस्थांनी डोस मान्य केला, १९९७ मध्ये सॉमर यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

वाद पुरता मिटलेला नाही. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सुमारे दहा लाख मुलांवरच्या अभ्यासात मृत्यूंमधली घट जेमतेम ४ टक्के दिसली. डोस खरोखर किती मुलांच्या पोटात गेले, असा उलट सवाल सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला.